मागच्या अंगणातला पास्ता

परवा मॉलच्या फ्रीजरमध्ये बेकनचं पाकीट दिसलं आणि गुढ़ियारीच्या आमच्या घराचं मागचं अंगण आठवलं. धाकटा भाऊ गोव्यात इटालियन हॉटेलात स्वयंपाकी होता, एकदा सुट्टीवर येताना त्याने तसंच मिठात मुरवून वाळवलेलं डुकराचं मांस आणलं होतं. आमच्याकडे मटणसुद्धा अंगणातल्या सिगडीवर, वेगळ्या पातेल्यात, मटणाच्या गंजात शिजायचं, आणि मांस न खाणारी आई त्या गंजाला कधी हात लावत नसे. त्या दुपारी चरबी तडतडायला लागली, खारट वास शेजारपर्यंत गेला, तशी आई नाकाला पदर लावून दारात येऊन उभी राहिली. चरबीत पास्ता घोळवून भाऊ अंडी फेटायला आत गेला. तेवढ्यात आईने गंजावरचं झाकण उचललं, भाजीत टाकते तसं मीठ टाकलं आणि नळाखाली हात धुतले. "लहानपणापासून अळणी चालत नाही त्याले," ती मला म्हणाली. जेवताना पहिला घास इतका खारट लागला की मला गिळवेना. भावाने एक घास खाल्ला, आईच्या ओल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बढिया झालं, आई." मग माझीही थाळी ओढून घेतली आणि दोन्ही पुसून खाल्ल्या. त्याच सुट्टीवरून गोव्याला परतताना रस्त्यातल्या अपघातात तो गेला. आई अजूनही जेवता जेवता थांबते आणि विचारते, "त्या दिवशी मीठ बराबर झालं होतं ना त्याले?" मी म्हणते, "हव आई, बराबर झालं होतं."