बांडीनं चावलेला पाला

सांगलीच्या एका कॉलेजात मी लॅब सांभाळतो. आधी अठरा वर्षं फौजेत काढलेली, त्यामुळं शिस्तीच्या बाबतीत मी जरा तिरसटच. लॅबमध्ये चप्पल नको, डबा नको, मोठ्यानं हसणं नको. आणि त्याच लॅबच्या मागच्या फाटकातून मी स्वतःच्या हातानं एक शेळी आत घेतली. तानाजी म्हातारपणी बिघडला म्हणा हवं तर. बिघडलोच, पण राहीबाईमुळं.

राहीबाई कवठे महांकाळकडची, साठीची, काटक बाई. सारा जन्म शेळ्यामेंढरांमागं गेला, आता थोडी कोरडवाहू शेतीही करते. तिच्या भावाची पोरगी सृष्टी आमच्याकडं एमएस्सीला. सृष्टीनं प्रोजेक्टला दगडीपाला घेतला, तोच तो, बांधावर कुठंही उगवणारा. मेंढराच्या जखमेवर राहीबाई तो चोळते आणि जखम चिघळत नाही. पोरीनं प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर लिहून टाकलं, ‘माहिती : राहीबाई’. झालं, राहीबाईनं महिनाभर वस्तीत कुणाला जेवू दिलं नाही. माझं नाव पुस्तकात आलंय, एवढंच चालू.

लॅबमध्ये मात्र सगळं उलटंच. सृष्टीनं पाला सावलीत वाळवला, कुटला, अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला. त्यात फेरिक क्लोराईडचे थेंब टाकले, की औषधी द्रव्य असेल तर रंग काळपट व्हावा. इथं तो जेमतेम बदलला. काचेच्या बशीत जंतू वाढवून मधोमध अर्क ठेवला, तर जंतू अर्काला खेटून मजेत वाढले. तीनदा केलं, तीनदा तेच. आमचे भाऊसो सर मनानं भले, पण प्रयोगापुढं कुणाचं ऐकत नाहीत. त्यांनी सांगितलं, अजून एकदा करून बघ, नाहीतर राहीबाईचं पान काढून टाक; ऐकीव गोष्टी इथं चालत नाहीत.

सृष्टी माझ्यासमोर ढसाढसा रडली. मेहनत वाया गेल्याचं तिला काही नव्हतं, आत्तीला काय तोंड दाखवू हे होतं. मलाही भरून आलं, म्हणून मी खेकसलो, रडतेस काय, फोन लाव.

राहीबाईनं एकच विचारलं, पाला कुठनं आणला? सृष्टीनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, कॉलेजच्या तारेच्या कुंपणातला, शेळ्यामेंढ्यांचं तोंड न लागलेला, स्वच्छ. पोर धनगराची, पण गावाकडचा उष्टा पाला लॅबमध्ये आणायची तिला लाज वाटलेली. पलीकडं राहीबाई इतकी हसली, की तिला ठसका लागला.

“आगं येडे, शेरडानं चावलेलं झाड बघून घ्यायचं. चावलं की झाडाला राग येतो. त्यो रागच औषद आसतोय.”

दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोतून राहीबाई हजर, सोबत तिची शेळी बांडी. इथली एखादी शेळी चालणार नाही का, मी विचारलं. न्हाई म्हणाली, दुसरी झाड मुळासकट उपटते, बांडी नुसता शेंडा खाते. कुंपणातल्या दगडीपाल्याच्या अर्ध्या वाफ्यात बांडीनं शेंडे खुडले, अर्धा आम्ही राखला. मग दोरी सुटली आणि तिनं प्राचार्यांचे गुलाब आणि भाऊसो सरांची हजेरीची दोन पानं संपवली. मी फौजेत पळालो नाही इतका त्या शेळीमागं पळालो. सरांनी कपाळाला हात लावला.

राहीबाईनं पाच दिवस थांबायला सांगितलं होतं. थांबलो. सृष्टीनं दोन्हीकडच्या पाल्याचे वेगवेगळे अर्क काढले आणि सरांना कुठला कुठला ते न सांगता बश्या पुढं ठेवल्या. एकीत जंतू पार अर्काच्या कडेपर्यंत. दुसरीत अर्काभोवती स्वच्छ, गोल रिकामी जागा. सरांनी पट्टी लावून दोनदा मोजली. सोळा मिलिमीटर. बशीखालची चिठ्ठी उलटली : चावलेला.

सर म्हणाले, चावल्यावर झाड स्वतःला वाचवायला कडू द्रव्यं जास्त करत असेल. पण एकदा आलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, परत परत करावं लागेल. राहीबाईचं पान मात्र राहू दे. सृष्टी तिथंच उड्या मारायला लागली आणि मी तिला रागवायचं विसरलो.

निकाल कळताच राहीबाई पुन्हा टेम्पोनं आली. तिला वाचता येत नाही. सृष्टीनं दाखवलेल्या नावावरनं तिनं सावकाश बोट फिरवलं आणि विचारलं, बांडीचं नाव कुठं हाय? सर हसले, शेळीचं नाव कसं घालणार? राहीबाई हसली नाही.

“आवं सर, मला तरी कुणी शिकिवलं? मी जलमभर ह्या बांडीच्या आय-आजीच्या मागं नुसती फिरले. कंचा पाला कवा खायाचा, त्ये त्यांनीच दावलं.”

मग खिशातलं पेन काढून राहीबाईच्या नावाखाली सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘आणि बांडी’.

लॅबमध्ये मोठ्यानं हसायचं नाही हा नियम माझाच. त्या दिवशी तो पहिल्यांदा मीच मोडला, डोळे पुसत पुसत.