अंतरपाटाच्या आधी हार

जावास्क्रिप्टची आठवण म्हटल्यावर तुम्हाला काचेची बिल्डिंग, एसी आणि गळ्यात आयकार्ड लटकवलेला इंजिनीअर दिसला असेल. तसं काय नाय. मुरबाडला एसटी स्टँडमागे एक कॉम्प्युटर क्लास होता, दोन हजार सालानंतरची गोष्ट, आणि मी तिथे शिकायचो. सरांची नक्कल हा माझा मुख्य विषय, जावास्क्रिप्ट लिहून वेब पेजवरची चित्रं हलवणं आपलं जोडीला.

चुलत बहिणीचं लग्न ठरलं, नवरा वाशिंदचा. ताईनं सासरी सांगून ठेवलेलं, "माझा भाऊ कॉम्प्युटरवर पत्रिका करतोय, हलणारी." म्हणजे पत्रिका फसली तर नाक तिचं कापलं जाणार.

क्रम सोपा. अक्षता पडणार, मग अंतरपाट खाली, मग नवरीनं हार घालायचा, शेवटी नवऱ्यानं. अक्षता पेज उघडल्या उघडल्या. पुढच्यांना टायमर लावले: अंतरपाटाला चार सेकंद, नवरीच्या हाराला दोन, नवऱ्याच्या हाराला एक. मला वाटलं, आधीचं उरकलं की त्याच्यापुढे एवढं थांबेल. एकेक वेगळं हलवून बघितलं, झकास.

नवऱ्याच्या मामांना घेऊन काकी आणि ताई क्लासात आल्या. मी भटजींसारखा नाकातनं मंगलाष्टक सुरू केलं आणि पेज उघडलं.

कॉम्प्युटरनं सगळ्यांचे सेकंद एकदमच मोजायला घेतले. अक्षता पडतायत तोच नवऱ्याचा हार अंतरपाटातून आरपार नवरीच्या गळ्यात. मग नवरीचा त्याच्या गळ्यात. अंतरपाट सगळ्यात शेवटी, सावकाश.

"आमचा पोरगा लय घाईत दिसतोय," मामा म्हणाले.

ताई खाली बघून ओढणी पिळत होती.

मी चहा सांगितला आणि टायमर काढून टाकले. अक्षता संपल्या की त्यांनीच अंतरपाटाला हाक मारायची, अंतरपाट पडला की त्यानं नवरीच्या हाराला, तिच्या हारानं नवऱ्याच्या. चहा संपायच्या आत झालं. या वेळी सगळं रीतीनं.

"आता कसं! ही वाशिंदला दाखवू सगळ्यांना," मामा म्हणाले. ताईनं मान वर केली.

मामांची जीप सुटल्यावर काकीनं मला स्टँडवरच धरला.

"अंतरपाट असताना हार? तोपण बाईच्या आधी बाप्याचा? अख्खं चालवून बघायला हात मोडले होते काय रे?"

"पण काकी, दुसऱ्यांदा नीट झालं ना."

"दुसऱ्यांदा? लगीन दुसऱ्यांदा लावून बघतात काय रे, मेल्या?"