पहिला पेला

नव्या माठात पाणी भरलं की ओल्या मातीचा वास सुटतो आणि माझं डोकं आजही तापतं.

माझे वडील कोल्हापुरात तंबाखूच्या वखारीत पाला चाळायच्या कामावर होते. अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेले. शेवटी चमचाभर पाणीही घशाखाली उतरत नव्हतं. आई ओला कापूस ओठांवर फिरवायची. पुढच्या चैत्रात मालकानं त्यांच्या स्मरणार्थ वखारीच्या दारात पाणपोई घातली. फलकावर वडिलांचं नाव बारीक, मालकाचं ठसठशीत.

“वहिनी, पयला पेला तुमच्या हातनं द्या,” मालक म्हणाले.

“ह्यास्नी थेंब गिळवंना झालता. तुमचं तुमी प्या,” आई म्हणाली आणि घराकडं चालू लागली.

चारचौघांत शोभा केली म्हणून मला तिचाच राग आला. सोळा वर्षांची मी पुढं झाले आणि नव्या माठातून पेला भरून दिला. मालकांनी तोंडातली तंबाखू भिंतीकडेला थुंकली, चूळ भरली आणि उरलेलं पाणी एका घोटात संपवलं.

“गार हाय,” म्हणाले.

आईची माफी मागायची राहूनच गेली. त्या माणसाला मी विचारलं होतं, “आणखी देऊ?”