दहा दिवसांचा दिवा

गोडेतेलात भिजलेली वात जळू लागली की मला नगरमधलं आमचं भाड्याचं घर आठवतं. लढाई नुकतीच संपली होती, रॉकेल अजून रेशनवरच मिळायचं आणि आमच्याकडे नवी नवी वीज आली होती. "एक तरी कंदील राहू द्या घरात," आई म्हणत होती. पण वडिलांनी हसत दोन्ही कंदील रतिबाच्या दूधवाल्याला देऊन टाकले. त्याच वर्षी आई गेली. तिला जिथं निजवलं होतं तिथं, दक्षिणेकडे वात करून, दिवा ठेवला. दहा दिवस तो विझू द्यायचा नव्हता, जागचा हलवायचाही नव्हता. चौथ्या दिवशी ऐन दिवेलागणीला वीज गेली आणि धाकटा भाऊ अंधाराला भिऊन रडू लागला. आत्या म्हणाली, "पोरांना त्या दिव्यापाशी बसवू नकोस, दादा." पण वडिलांनीच तिथं सतरंजी अंथरली आणि म्हणाले, "बसा रे इथं. तिनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही." परवा इन्व्हर्टर घ्यायला गेले, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "आजी, किती वेळ चालायला हवा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "दहा दिवस."