लोड दिल्याबिगर

बिघडलेली गाडी दुरुस्त होण्याआधी कोणी चालवू नये म्हणून आमची वायरमनबाई बॅटरीचा प्लग उपसायची आणि तो हातात घट्ट धरून शेजारी बसायची. मग समोर मालक येवो नाहीतर मंत्री.

नव्वदच्या दशकात न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात मी स्टोअर सांभाळत होतो. बाई जवळच्या दिवाळे गावची, आयटीआय झालेली. हुद्दा वायरमन, म्हणून सगळ्यांची वायरमनबाई. बॅटरीवर चालणाऱ्या, माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टखाली ती शिरली की खालून फक्त शिव्या ऐकू येत.

रिकाम्या गाडीची तपासणी तिला मान्यच नव्हती. "लोड दिल्याबिगर मोटर खरं बोलत नाय," ती म्हणायची. यावरून तिने दोन सुपरवायझर कायमचे दुखावले होते आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

एकदा साताऱ्याच्या धनाजीची फोर्कलिफ्ट वळताना रॅकला धडकली. "स्टिअरिंग एकदम जड झालं, फिरंनाच," तो कळवळून सांगत होता. मॅनेजरसाहेबांनी गाडी रिकामीच फिरवून पाहिली. स्टिअरिंग लोण्यासारखं!

"उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. धनाजी हात जोडून उभा राहिला. घरात कमावणारा तो एकटाच.

बाईने प्लग उपसला.

"लोड द्या, मंग बोला."

"बाई, गाडी ठीक आहे. प्लग लावा."

"नाय लावत. काय करायचं ते करा."

जेवणाची सुट्टी झाली, ट्रकांची रांग गेटापर्यंत गेली, बाई ढिम्म हलली नाही. शेवटी साहेबांनी हात टेकले.

तिने प्लग लावला आणि स्टिअरिंगच्या मोटरला टेस्टलॅम्प, म्हणजे वीज पोचते का ते दाखवणारा दिवा, जोडला. धनाजीने भलीमोठी पेटी वर उचलत चाक वळवलं, आणि दिवा मिणमिणला. चाक अडलं. स्टिअरिंगची मोटर शाबूत होती. पेटी उचलण्यातच सगळी वीज जात होती, या मोटरपर्यंत पोचतच नव्हती. बाईने बॅटरीची केबल चाचपत नेली आणि एका जोडाशी हात झटकन मागे घेतला. इतका तो तापला होता. टेप सोलली तर आत खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या, तुटक्या तारा; दोन्ही मोटरींना पुरेल इतकी वीज त्यांतून जातच नव्हती.

"केबल बदला म्हनून कवापासून बोंबलते मी. टेप मार, असं तुमीच बोलला ना सायेब?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं.

धनाजीची नोकरी राहिली. महिनाअखेरीस बाईची गेली. तिला सोडायला मी गेटापर्यंत गेलो.

"बाई, जरा नमतं घेतलं असतंत तर..."

"माज्यावर पन लोड दिला त्यांनी," खांद्यावरची पिशवी सावरत ती म्हणाली. "बघा माज्याकडं नीट. दिवा कमी झालाय काय?"