दोघींच्या मधलं गिऱ्हाईक

परवा फोनवर तू सांगितलंस, की तुझ्या कॉफीच्या दुकानासमोरचं दुसरं दुकान बंद होतंय आणि आता सगळी गिऱ्हाइकं तुझीच. मी 'बरं' म्हटलं. फोनवर मला लांबलचक बोलता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवते. तुझ्या बहिणीलाही वाचायला दे.

पालघरच्या मासळी बाजारात अगदी आतल्या टोकाला, सातपाटीहून येणाऱ्या दोन जावा शेजारी शेजारी बसतात. घराची वाटणी झाली तेव्हापासून त्या एकमेकींशी बोलत नाहीत. पण लागून बसायचं आणि बोलायचंच नाही, हे बाजारात जमत नाही. म्हणून त्या गिऱ्हाइकामार्फत बोलतात. बोईसरच्या कारखान्यात मी खरेदी विभागात होते, तेव्हापासून थोरलीकडून मासळी घेते. कारखान्यात दोन पुरवठादारांचे दर शेजारी ठेवून बघायची सवय होती, ती बाजारातही राहिली. आधी दोन्ही पाट्या बघायच्या, मग थोरलीसमोर उभं राहायचं.

"बाय, सांगा तिला, पानी माज्या पापलेटावर उडतंय," थोरली म्हणायची.

"बाय, सांगा तिला, पापलेटाला पान्याचं कधीपासून वावडं?" धाकटीचं उत्तर यायचं.

मला काहीच सांगावं लागत नसे. मी मध्ये उभी असले की पुरे.

दिवाळीनंतर थोरली सातपाटीच्या धक्क्यावर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. या बाजारात ओटा चार दिवस रिकामा दिसला की तिथे कुणीतरी पाटी टेकवतं, आणि टेकवलेली पाटी मग हलत नाही. लेखी काही नाही, पण सगळ्या बायका हे मानतात. जागा गेली असती तर थोरलीला बाहेर रस्त्याकडेला, उन्हात बसावं लागलं असतं. या वयात, दुखऱ्या हाताने, ते काही फार काळ चाललं नसतं.

पुढच्या खेपेला गेले तर थोरलीच्या ओट्यावर धाकटीचे बोंबील पसरलेले. माझ्याबरोबर आमच्या सोसायटीतल्या एक बाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "साधला बघा डाव." मलाही तसंच वाटलं.

तेवढ्यात कोळंबीची पाटी घेऊन एक तिसरीच कोळीण आली. "सरक गं जरा. राणीसाहेबांना दोन-दोन ओटे लागतात काय?"

"माजे बोंबील झोपलेत तिथं," धाकटी म्हणाली. "उठवू नको. उठले का चावतात."

आजूबाजूच्या बायका हसल्या. कोळंबीवाली तोंड वाकडं करून गेली.

हिवाळाभर हे असंच चाललं. मासळी भरपूर असेल त्या दिवशी ओटा भरलेला. नसेल त्या दिवशी हातहात अंतरावर एकेक बोंबील मांडलेला, पण या कडेपासून त्या कडेपर्यंत. असा माल कुणी विकायला मांडत नाही, हे खरेदीत काम केलेल्या माणसाला कळतं. म्हणून एकदा मी सरळ विचारलं, "जावेसाठी जागा धरून ठेवलीय का?"

तिने खवले काढणं थांबवलं नाही. "तिच्यासाठी कशाला? आमी इतक्या आत बसतो. गिऱ्हाईक इथवर येतं कशाला, बाय? दोन पाट्या बघायला मिळतात. हिचा भाव ऐकून तिच्याकडं जाता येतं. एकटीकडं कोन येतंय? तुमी पन दारातनंच घेऊन जाल."

तिचं म्हणणं खरं होतं. त्या हिवाळ्यात मी बरेचदा दारापाशीच मासळी घेऊन परतले होते. तिचं उत्तर तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यात धंदा किती आणि नातं किती, ते मला वेगळं करता आलं नाही, आणि करायची गरजही वाटली नाही.

होळीच्या सुमाराला थोरली आली. प्लास्टर निघालं होतं, हात वाळल्यासारखा दिसत होता. ती दारात दिसताच धाकटीने बोंबील उचलले आणि तिच्या ओट्यावर बादलीभर पाणी ओतलं. थोरली येऊन बसली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

मी दोन पापलेटं मागितली. थोरलीने विळी पुढे ओढली, पण मनगटात जोर येईना. मासा दोनदा निसटला. धाकटीने मान न वळवता हात लांब केला, मासा घेतला, कापला आणि तुकडे थोरलीच्या पुढ्यात ठेवले.

थोरलीने एक तुकडा उचलून पाहिला.

"बाय, सांगा तिला, एवढे जाड तुकडे माज्या गिऱ्हाइकाला चालत नाय."

"बाय, सांगा तिला, हात बरा झाला का सोताच कापायचं."

मी पिशवी उघडून मध्ये उभी होते. दुसरं पापलेट धाकटीने बारीक कापलं.