वहिनींनी राखलेले पाय

दादा वरच्या मजल्यावर राहतो, मी खाली. मुकुंदवाडीच्या आमच्या घरात निरोप द्यायचा तर जिन्यातून हाक मारायची, फोन कोणी करत नाही. म्हणून त्या सकाळी मोबाईलवर दादाचं नाव दिसलं तेव्हाच मी उठून उभा राहिलो. "वर ये," एवढंच तो म्हणाला. सुमनवहिनी झोपेतच गेल्या होत्या. महिना होऊन गेला... संध्याकाळ झाली की अजून माझे कान जिन्याकडे असतात.

वहिनी मूळच्या सोयगावच्या, कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी चिकलठाण्याच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला, मधुमेहाला फारशी किंमत न देणारा माणूस. एका बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे विहारात गेलो होतो. भर दुपार, चपला बाहेर, तापलेल्या फरशीवर रांग. लोक या पायावरून त्या पायावर नाचत होते आणि मी हात जोडून शांत उभा. "बघा, मन कसं ताब्यात आहे यांचं," मागचे एक काका कौतुकानं म्हणाले. मलाही ते खरं वाटलं, मान जरा ताठ झाली. वहिनींनी मात्र माझ्या पायांकडे बघितलं, दंडाला धरून सावलीत नेलं, खाली बसवलं. तळव्यांना टरारून फोड आले होते.

"भावजी, ही शांती नाय. तुमच्या पायाला कळंनाच झालंय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि दुर्लक्ष केलं तर पाय गमवावा लागेल हेही. मी पार हादरलो. वहिनींनी मला समोर बसवून समजावलं. कातडीत मज्जातंतूंची नाना तऱ्हेची टोकं असतात. हलका स्पर्श टिपणारी वरच्या थरात, दाब आणि थरथर ओळखणारी खोल. गरम सांगणारी वेगळी, गार सांगणारी वेगळी, आणि भाजायला लागलं की ओरडणारी आणखी वेगळी. "ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजतं ना? खरं काहीच भाजत नाय. मिरची नेमकी त्या ओरडणाऱ्या टोकांनाच जाऊन डिवचती." मधुमेहात लांबवर गेलेले तंतू आधी थकतात, म्हणून पाय पहिले. मी म्हणालो, दुखत नाही हे बरंच की. त्या चिडल्याच. "दुखतं म्हणून माणूस पाय उचलतो, भावजी. दुखण्याचे लई उपकार असतात."

मग रोज संध्याकाळी त्या कापूस घेऊन खाली येऊ लागल्या. आपलं आपण तपासून चालत नाही, हात कुठं लागणार हे आधीच ठाऊक असतं. पण थोरल्या वहिनींनी माझ्या पायाला हात लावायचा म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "पाया नंतर पडा, आधी डोळे मिटा," म्हणत त्या कापूस फिरवायच्या. "कुठं लागतंय?" मी ठोकून द्यायचो, अंगठ्याला. "अजून लावलाच नाय!" आणि मनसोक्त हसायच्या. एकदा माझ्या टाचेला रक्त दिसलं आणि बुटातून खिळा निघाला... दिवसभर मी त्यावर हिंडलो होतो. जखम त्याच संध्याकाळी सापडली म्हणून पाय वाचला. तुमच्यामुळे मी दोन पायांवर चालतोय, हे मी त्यांना बोलून दाखवलं होतं. "व्हय, मग बूट झटकत जा," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी आरसा धरून एकटाच तळवे बघत बसायचो. गेल्या आठवड्यात जिन्यात पावलं वाजली. दादा होता, हातात कापसाचा बोळा. धाकट्या भावाच्या पायाला हात लावायचा, हे त्याच्या कधी स्वप्नातही आलं नसेल. तो समोर बसला आणि म्हणाला, "डोळे मीट."

मी मिटले. बराच वेळ काहीच कळेना. कापूस फिरतोय की नाही, सांगता येईना. मग माझा पाय उचलला गेला, आणि कुणीतरी तो घोट्यापाशी घट्ट धरला.

"कुठं?" दादानं विचारलं.

"दोन्ही हातांनी धरलायस," मी म्हणालो. "हात थरथरतायत तुझे."

"व्हय," तो म्हणाला, आणि त्यानं पाय सोडला नाही.